हात मिळवा रे!

सामना संपल्याची लांब शिट्टी वाजली की शालेय स्पर्धेच्या मैदानावर दोन आवाज एकदम उठतात. पहिला जिंकलेल्या पोरांचा. तो कागदावर उतरवता येत नाही. दुसरा क्रीडा शिक्षकांचा. "ए, पहिले हात मिळवा रे! नाचता काय, पहिले हात मिळवा!" नाचणारी पोरं नाइलाजाने थांबतात, मातीत बसकण मारलेली पोरं नाइलाजाने उठतात आणि मध्यरेषेच्या दोन्ही अंगांना दोन रांगा लागतात. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत तालुकास्तरापासून पुढे कुठल्याही कबड्डीच्या मैदानावर हे दृश्य बघायला मिळतं. काम जेमतेम वीस सेकंदांचं. पण त्या वीस सेकंदांत जे घडतं, ते चाळीस मिनिटांच्या सामन्यात घडत नाही.

रांगेत पहिला असतो हरलेला कर्णधार. त्याला हात पुढे करावाच लागतो, कारण सरांची नजर त्याच्यावर असते. मागच्यांना थोडी मोकळीक मिळते. मातीवरच्या कबड्डीत पायात बूट नसतात, त्यामुळे लेस सुटल्याचं सोंग करून खाली वाकायची सोय नाही. मग कुणाचं तरी गुडघ्याचं बँडेज नेमकं याच वेळी सुटतं आणि अख्खी रांग पुढे सरकून जाईपर्यंत त्याची गाठ काही बसत नाही. एक जण हात देतो, पण बघतो गुणलेखकाच्या टेबलाकडे. अजून काही फेरफार होतोय का म्हणून. एक जण नुसती बोटांची टोकं टेकवतो. चढाईत बोनस रेषेपलीकडे पाय टाकतानाही तो एवढाच स्पर्श करतो आणि पंच त्याला गुण देत नाहीत, हा त्याचा मूळ राग.

एक पिळणारा असतो. समोरच्या डाव्या कोपऱ्याने त्याचा घोटा सामनाभर धरलेला असतो. त्या कोपऱ्याचा पंजा आता आयताच हातात आला आहे, पंचांनी शिट्टी खिशात घातली आहे, मग तो कापूस वेचून जाड झालेल्या बोटांनी सगळा हिशेब चुकता करतो. तोंडावर हसू, हातात सांडशी. समोरचाही कच्चा नसतो. तोही हसत राहतो आणि तितकंच दाबतो. दोघांच्या डोळ्यांत पाणी येतं आणि लांबून बघणाऱ्या मुख्याध्यापकांना वाटतं, काय ही खिलाडूवृत्ती!

या स्पर्धा भर पावसाळ्यात सुरू होतात. मैदानाची काळी माती, रेषांसाठी मारलेली फक्की आणि घाम यांचा पक्का लेप तळहातावर बसलेला असतो. तो पुसायचा कधी, यालाही शास्त्र आहे. हात मिळवण्याआधी चड्डीला पुसला तर संस्कार, मिळवल्यानंतर पुसला तर अपमान. अशा पुसण्यावरून पुढच्या वर्षापर्यंत बोलणं बंद झालेले संघ आहेत.

सगळ्यात मनापासून हात मिळवतो तो राखीव खेळाडू. बारा जणांच्या संघात सात जण खेळतात, पाच जण बाटल्या आणि चपला सांभाळतात. या पाचांचा कुणावर राग नसतो, कुणाशी हिशेब नसतो, शिवाय अंगात न वापरलेला जोर असतो. ते पंचांना हात देतात, गुणलेखकाला देतात, समोरच्या राखीवांना तर मिठीच मारतात. एखादा उत्साहाच्या भरात रांगेत दुसऱ्यांदा शिरतो. मला वाटतं, खिलाडूवृत्तीचं पारितोषिक असलंच तर ते राखीवांतूनच द्यावं. तेवढंच त्यांना काहीतरी मिळेल.

मुलींच्या खो-खोनंतरचं हस्तांदोलन मात्र वेगळंच. सामना सुरू असताना एकमेकींच्या वेण्या डोळ्यांत साठवून ठेवलेल्या असतात, खांबाजवळ सूर मारताना कुणाचं कोपर कुणाला लागलं याची नोंद तोंडपाठ असते. शिट्टी झाल्यावर दोन मिनिटं घुश्श्यात जातात. मग हात मिळतात, मग "कितवीत गं तू?" होतं, मग कुणाची तरी मावशी कुणाच्या तरी गावातली निघते. शेवटी दोन्हीकडच्या मॅडमना "चला गं, गाडी थांबलीय" म्हणत त्यांना ओढून वेगळं करावं लागतं.

आता या हस्तांदोलनाचा थोरला भाऊ बघा. तो सामन्याआधी भेटतो. उद्घाटनाला प्रमुख पाहुणे येतात, मैदानपूजन होतं, नारळ फुटतो, प्रार्थना होते. सानेगुरुजी 1924 ते 1930 ही वर्षं अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते, त्यामुळे त्यांची प्रार्थना आमच्याकडे घरची म्हणून जरा जास्तच जोरात म्हटली जाते. मग पाहुण्यांची खेळाडूंशी ओळख. मुलांशी हस्तांदोलन, मुलींना नमस्कार. छातीवर शाळेचं नाव ठळक छापलेल्या मुलाला पाहुणे विचारतात, "कोणत्या शाळेचा?" मुलगा सांगतो. पाहुणे म्हणतात, "छान, छान." फोटो निघतो. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात हाच फोटो असतो. सामन्यानंतरच्या हस्तांदोलनाचा फोटो काही माझ्या बघण्यात नाही, कारण तोवर फोटोग्राफर पाहुण्यांबरोबर पुढच्या उद्घाटनाला गेलेला असतो.

भाषणात पाहुणे सांगतात की हार-जीत महत्त्वाची नाही, सहभाग महत्त्वाचा. त्यांच्या मागे टेबलावर चकचकीत करंडक मांडलेले असतात. सहभागाचं प्रमाणपत्र पुठ्ठ्याच्या खोक्यात, तेही अजून नाव न लिहिलेलं. संध्याकाळी "खेळात हार-जीत चालायचीच" हे वाक्य पुन्हा ऐकू येतं, पण ते फक्त हरलेल्यांसाठी राखीव असतं. जिंकलेल्या पोराच्या पाठीवर हात ठेवून "बाळा, चालायचंच" असं कुणी म्हटल्याचं ऐकिवात नाही.

पोरांना हे सगळं ठाऊक असतं. त्यांना हेही ठाऊक असतं की तालुक्यातून जिल्ह्यात, जिल्ह्यातून विभागात, विभागातून राज्यात गेलं की दहावी-बारावीला वाढीव गुण आहेत, आणि आणखी वर पदक मारलं तर सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे. आमच्याकडे पहाटे चारला रस्त्याने पळणाऱ्या प्रत्येक पोरापुढे पोलीस भरती पळत असते. म्हणजे निदान रेषेच्या अलीकडे पाय पडला की पलीकडे, हा वाद दिसतो तेवढा साधा नाही. त्या रेषेवर दहावीचे गुण उभे असतात, त्यामागे खाकी वर्दी आणि त्यामागे लग्नाचं जमणं. एवढं सगळं डोक्यात घेऊन चौदा वर्षांचं पोरगं हरतं आणि दोन मिनिटांत हात पुढे करतं, हेच मुळात मोठं आहे. त्याचा हात ढिला पडला तर कुरकूर करण्यात अर्थ नाही.

कुरकूर करायचीच असेल तर मैदानाच्या दोरीबाहेर बघा. तिथे मोठी माणसं असतात. आपल्याकडे कामाची वाटणी पक्की झाली आहे: हात पोरांनी मिळवायचे आणि भांडण मोठ्यांनी चालू ठेवायचं.

चौदा वर्षांखालील गटाचा कुठलाही सामना घ्या. समोरच्या संघातल्या आठ नंबरच्या मुलाला मिसरूड फुटलेली असते. आपले सर फाइल काखेत मारून तिकडच्या सरांकडे जातात.

"सर, तुमचा आठ नंबर कितवीत आहे?"

"आठवीत."

"कितव्यांदा?"

"सर, असं बोलू नका. बोनाफाइड आहे, जन्माचा दाखला आहे, आधार आहे. पोरगा अंगाने भरलेला आहे. घरी दोन म्हशी आहेत."

"म्हशी आमच्याकडेही आहेत, सर. पण आमच्या पोरांना मिशा नाहीत."

हा संवाद अर्धा तास चालतो. दाखले उन्हाकडे धरून पाहिले जातात, शिक्क्याची शाई तपासली जाते. शेवटी लेखी आक्षेप, सोबत शुल्क, तांत्रिक समिती, समितीचा चहा. आणि ज्याच्या मिशीवरून हे चाललंय तो आठ नंबर? तो पाण्याच्या टाकीवर उभा असतो. सामन्यात त्याने ज्याला उचलून आपटलेलं असतं, तो शेजारीच नळाखाली मान घालून असतो.

"लागनं का रे भो?"

"नही रे. तुन्ही पकड भारी व्हती."

झालं. समितीचा निकाल यायच्या आत यांचा निकाल लागलेला असतो. एकाच नळावर दोघं ओंजळीने पाणी पितात आणि टेम्पोकडे जाता जाता केळीच्या घडातून एकेक केळं तोडतात. केळी कुणाच्या अल्पोपाहाराची आहेत, हा प्रश्न जळगाव जिल्ह्यात कुणी विचारत नाही.

अलीकडे पालकांची भर पडली आहे. पूर्वी पोरगं कबड्डी खेळतं हे बापाला शर्ट फाटल्यावर कळायचं. आता बाप दोरीला लागून उभा असतो आणि मोबाइलवर चित्रण करत असतो. सोबत मामा असतो. खेळाच्या नियमांत मामाला कुठलंच स्थान नाही, पण आवाज सगळ्यात मोठा त्याचाच. "पाय धर, पाय! अरे पाय सोडून कंबर काय धरतोस!" ज्याला हे सांगितलं जातं, त्याच्या नाकातोंडात माती असते आणि नेमकं काय धरलंय हे त्यालाही कळत नसतं. निर्णय विरुद्ध गेला की बाप चित्रण घेऊन पंचांकडे धावतो. "हे बघा, पुरावा आहे!" पंच बघतात. चित्रणात सुरुवातीला माती, मग आभाळ, मग बापाचा अंगठा आणि शेवटी मामाचं तोंड.

तालुक्यात हे असं. विभागीय स्पर्धेत जळगाव आणि धुळे समोरासमोर आले की त्याला इतिहासाची फोडणी बसते. 1906 साली इंग्रजांनी खानदेश जिल्ह्याचे दोन भाग केले. पूर्व खानदेशचं ठाणं जळगावला, पश्चिम खानदेशचं धुळ्याला. पुढे नावं बदलली. 1 जुलै 1998 ला धुळ्यातून नंदुरबार वेगळं निघालं. विभागीय स्पर्धेत तर महानगरपालिकेचा संघ वेगळा आणि बाकी जिल्ह्याचा वेगळा. वाटणी झालेल्या भावांच्या घरात जे चालतं तेच इथे चालतं: बोली एक, भरीत एक, शेवभाजीचा तिखटपणा एक, फक्त बांधावरचं झाड कुणाचं यावर एकमत नाही. ते झाड म्हणजे नाशिक विभागाचं अजिंक्यपद, आणि बऱ्याचदा ते दोघांच्या डोळ्यांदेखत नाशिकवाले घेऊन जातात.

हरल्यानंतरचा परतीचा प्रवास हा अभ्यासाचा विषय आहे. जळगाव ते धुळे सुमारे 90 किलोमीटर. सुरत-नागपूर महामार्ग. जळगावहून हरून निघालेल्या बसमध्ये पहिला अर्धा तास शांतता असते. एरंडोल येतं तेव्हा कुणी तरी म्हणतं, पंचांचं चुकलं. पारोळ्याला चहा होतो, तिथे पंच विकले गेलेले असतात. धुळ्यात बस शिरेपर्यंत पंच समोरच्या सरांचे सख्खे साडू निघतात. ही सगळी चर्चा पुढच्या सीटांवर चालते, म्हणजे शिक्षक, व्यवस्थापक आणि सोबत आलेले दोन पालक यांच्यात. मागच्या सीटवर पोरं भेंड्या लावून बसलेली असतात. जळगावच्या संघातल्या एकाचा मोबाइल नंबर मिळाला म्हणून त्यांतला एक खुश असतो.

सप्टेंबर 2025 मध्ये या विषयाला आंतरराष्ट्रीय महत्त्व आलं. 14 तारखेला दुबईत आशिया चषकात सूर्यकुमार यादवच्या भारतीय क्रिकेट संघाने पाकिस्तानशी ना नाणेफेकीला हात मिळवला, ना सामन्यानंतर. पहलगामच्या हल्ल्यानंतरचा तो सामना होता. त्यामागचं कारण मोठं होतं आणि त्याचा न्यायनिवाडा या लेखाच्या आवाक्यातला नाही. अडचण एवढीच झाली की नेमके तेच दिवस शालेय स्पर्धांचे. टीव्हीवर बघितलेलं मैदानावर उतरायला आमच्याकडे एक रात्र पुरते. हरलेल्या पोराला आता राष्ट्रीय पातळीवरचा दाखला मिळाला. "सर, सूर्यकुमारने तरी कुठे मिळवला?" यावर काय बोलावं हे प्रशिक्षण शिबिरात शिकवलेलं नसतं. जुन्या खोडाचा एखादा सर मात्र लगेच उत्तर देतो. "पारोळ्याचं आणि एरंडोलचं युद्ध चालू नाही. शिवाय तो जिंकला होता. तू हरलायस. चल, हात दे."

हस्तांदोलन टाळल्याची शिक्षा खरोखर कुठे होते, तर बुद्धिबळात. जानेवारी 2008 मध्ये नेदरलँड्समधल्या वाइक आन झे इथल्या स्पर्धेत बल्गेरियाच्या इवान चेपारिनोवने इंग्लंडच्या नायजेल शॉर्टचा पुढे आलेला हात घेतला नाही. डाव नीट सुरूही झाला नव्हता, पंचांनी तो शॉर्टला देऊन टाकला. मग अपील झालं, माफी मागितली गेली, डाव पुन्हा खेळायचा ठरला आणि तोही शॉर्टनेच जिंकला. म्हणजे एका हस्तांदोलनापायी माणूस एकच डाव दोनदा हरला. जळगावात बुद्धिबळाच्या मोठ्या स्पर्धा होत आल्या आहेत, आणि तिथली दुसरी-तिसरीतली पोरं पटावर बसताना नि उठताना इतक्या शिस्तीने हात देतात की बघत राहावं. एक खरं, बुद्धिबळात पालकांना खेळाच्या हॉलबाहेर ठेवतात. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे का, हे तज्ज्ञांनी तपासावं.

उलट टोक अमेरिकेतल्या केंटकीचं. तिथल्या शालेय क्रीडा संघटनेने ऑक्टोबर 2013 मध्ये शाळांना पत्र काढलं की सामन्यानंतर हस्तांदोलनाच्या रांगा लावायच्या भानगडीत पडू नका, कारण आधीच्या तीन वर्षांत त्या रांगांमध्येच दोन डझनांहून जास्त मारामाऱ्या झाल्या आहेत. पत्रावर गदारोळ झाला तेव्हा खुलासा आला: बंदी नाही, हात मिळवायचे तर मिळवा, पण काही कमी-जास्त झालं तर जबाबदारी तुमची. हा खुलासा वाचून मला केंटकी एकदम जवळचं वाटू लागलं. ही भाषा आपल्या कुठल्याही परिपत्रकाची आहे. आपल्याकडे असतं तर खाली आणखी एक ओळ आली असती: मुख्याध्यापकांनी हस्तांदोलनाचा अहवाल दोन प्रतींत सादर करावा, निरंक असल्यास निरंक कळवावे.

केंटकीवाल्यांचा उपाय मात्र मला पटत नाही. हात मिळवताना पोरं खोटं वागतात, मनात नसताना हसतात, हे कबूल. पण मनात नसताना नीट वागता येणं हीच तर शिकायची गोष्ट आहे. मनात असताना कुणीही नीट वागतं. पंधराव्या वर्षी राग गिळून वीस सेकंद हात पुढे धरता आला, तर पुढे ग्रामपंचायतीची निवडणूक हरल्यावर, बांधाच्या मोजणीत दोन हात जमीन गेल्यावर किंवा भावकीच्या लग्नात मानपान चुकल्यावर तोच सराव कामाला येतो. आला नाही, तर सराव कमी पडला एवढंच.

कुस्तीकडे बघा. तिथे सलामीलाच हात मिळतात, मग झोंबाझोंबी. चाळीसगाव तालुक्यातल्या सायगाव बगळीचा विजय चौधरी 2014, 2015 आणि 2016 असा सलग तीनदा महाराष्ट्र केसरी झाला, त्यामुळे या किताबाची चर्चा आमच्याकडे पारावर बसून अधिकाराने होते. 7 जानेवारी 2020 ला बालेवाडीत हर्षवर्धन सदगीरने शैलेश शेळकेला 3-2 असं हरवलं. दोघंही काका पवारांच्या तालमीतले. निकाल लागला आणि जिंकलेल्याने हरलेल्याला खांद्यावर उचलून घेतलं. मानाची गदा बाजूला, खांद्यावर मित्र. पाच वर्षांनी, फेब्रुवारी 2025 मध्ये, अहिल्यानगरला याच किताबाच्या उंबरठ्यावरच्या कुस्तीत निर्णय पटला नाही म्हणून एका नामवंत मल्लाने पंचांची कॉलर धरली, लाथ मारली आणि तीन वर्षांची बंदी ओढवून घेतली. आता शालेय मैदानावर कुठली गोष्ट जास्त दाखवली गेली, ते सांगायला नको. खांद्यावरचा फोटो क्रीडा शिक्षकांच्या मोबाइलमध्ये आहे. लाथेचं चित्रण सगळ्यांच्या मोबाइलमध्ये आहे. मामाच्या मोबाइलमध्ये तर ते सावकाश फिरवून बघायची सोय आहे.

पण खिलाडूवृत्ती बघायचीच असेल तर रांगेतही बघू नका. ती सामन्याच्या मध्येच, डोळ्याची पापणी लवते न लवते तेवढ्यात येऊन जाते. चढाईपटू शेवटच्या दमात परत वळतो आणि वळता वळता कोपऱ्यातल्या पोराच्या पंजाला त्याच्या पायाचं बोट निसटतं लागतं. धूळ उडालेली असते. पंच दुसऱ्या बाजूला वाकलेले असतात. प्रेक्षकांना काही दिसलेलं नसतं. बोट लागलं हे या जगात दोघांनाच माहीत. चढाईपटू हात वर करून गुण मागतो, पंच संशयाने बघतात आणि तेवढ्यात तो कोपऱ्यातला पोरगा, संघ दोन गुणांनी मागे असताना, काही न बोलता स्वतःचा हात वर करतो आणि मैदानाबाहेर जाऊन बसतो. कबड्डीत हे घडतं. रोज नाही, पण घडतं. पंच फक्त गुण जाहीर करतात. समोरचा चढाईपटू जाता जाता त्याच्याकडे एकदा बघतो. नंतरच्या रांगेत या दोघांचे हात जे मिळतात, त्यांना सरांची आरोळी लागत नाही.

आणि त्याच क्षणी दोरीबाहेरून मामाचा आवाज येतो, "अरे कशाला केला हात वर! पंचाने दिला होता का तुला आउट?"

या आवाजाचं काय करायचं, हा खरा प्रश्न आहे. ऑलिंपिकवाल्यांनाही तो हळूहळूच उमगलेला दिसतो. 1920 साली अँटवर्पला पहिल्यांदा खेळाडूंना शपथ दिली गेली: नियमाने खेळू, सचोटीने खेळू. मग 1972 च्या सापोरो हिवाळी ऑलिंपिकपासून पंचांनाही शपथ देण्यात आली. 2012 ला लंडनमध्ये प्रशिक्षकांची पाळी आली. म्हणजे शपथेची गरज फक्त पोरांना नाही, शिकवणाऱ्यांनाही आहे, हे कळायला 92 वर्षं गेली. या वेगाने मामापर्यंत शपथ कधी पोहोचेल याचा हिशेब मांडवत नाही. तोवर आपण स्थानिक पातळीवर काही तरी करायला हवं.

म्हणून माझा एक प्रस्ताव आहे. पुढच्या हंगामापासून सामन्यानंतर दोन रांगा लागाव्यात: एक खेळाडूंची, आणि ती मोकळी झाली की त्याच मध्यरेषेवर मोठ्यांची. क्रीडा शिक्षक, मुख्याध्यापक, संस्थेचे पदाधिकारी, पालक आणि मामा. मामा हा स्वतंत्र प्रवर्ग धरावा, त्यात चुलत्याला प्रवेश देऊ नये. चित्रण बंद करून मोबाइल डाव्या हातात धरावा. हात मिळवताना 'वेल प्लेड' म्हणू नये, कारण कुणीच खेळलेलं नसतं. पंचांशी साडूपणाचं नातं असल्यास ते मैदानावरच जाहीर करावं, बसमध्ये नव्हे. हात मिळवण्याआधी पुसला तरी चालेल. नंतर पुसल्यास संघाचा एक गुण कमी. राखीव खेळाडूंनी ही रांग सांभाळावी, कारण त्यांच्याकडे वेळ असतो आणि स्वभाव असतो. आणि ज्याचं बँडेज ऐन वेळी सुटेल, त्याने ते घरूनच घट्ट बांधून यावं.

अंमलबजावणी सोपी नाही, हे मला ठाऊक आहे. पहिल्याच वर्षी तांत्रिक समितीकडे अर्ज येईल की समोरच्या शाळेच्या रांगेत पुढे उभे असलेले तीन पालक मुळात त्या शाळेचे नाहीतच, हात मिळवण्यासाठी ते शेजारच्या तालुक्यातून आणले आहेत. तरी त्यांचे दाखले तपासून हस्तांदोलन रद्द ठरवावे. अर्ज लेखी असेल, सोबत शुल्क भरलेलं असेल आणि खाली सही मामाची असेल.